आस

व्हिर्वेने चौतीस वर्षं जाळी विणली
सारेमा बेटावर, धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
मग कारखाना बंद पडला. जाळी आता कुठूनशी तयार येतात.
साठाव्या वर्षी ती संग्रहालयाच्या तळघरात
दीपगृहाच्या नोंदवह्यांसमोर बसली आहे.
वह्या स्कॅन झाल्यात, अक्षरं यंत्राने ओळखलीत, जमतील तशी.
तार्तूच्या हवामानवाल्यांना एवढंच हवंय:
कुठल्या वर्षी, कुठल्या तारखेला, बर्फ.

"ओळी वाचायच्या नाहीत," ताव्हेट सांगतो.
वय तेवीस, कानात बाळी, हातमोज्यांची बोटं कापलेली.
"ओळीचा आकार सांगायचा."
टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर.
तारा म्हणजे त्याच्या मागचं, हवं तितक्या वेळा,
शून्य वेळासुद्धा.
"शून्य वेळा?"
"हो. नसणंही चालतं त्याला."
ती लिहून घेते: तारा. नसलं तरी चालतं.

पहिल्या दिवशी तिने टिंबापुढे तारा ठेवला
आणि त्याने अख्खी वही गिळली,
वारा, रॉकेल, जहाजांची नावं, कोंबड्यांचा हिशोब.
"अधाशी असतो तो," ताव्हेट हसला, "दिसेल ते ओढतो.
पुढे प्रश्नचिन्ह लाव, मग थोडक्यात भागवेल."
व्हिर्वेला तिचा पहिला नवरा आठवला.
बोलली नाही. प्रश्नचिन्ह लावलं.

दुसऱ्या दिवशी अटी इतक्या घातल्या
की हाती काहीच लागेना.
हे मात्र तिला शिकवावं लागलं नाही.
बारीक विणलं तर पिल्लंही येतात, गाळही येतो;
सैल विणलं तर हेरिंग आरपार जाते
आणि आपण नुसतं पाणी ओढत बसतो.
जाळं दोऱ्याचं नसतंच. भोकांचं असतं.
मी लिहिते त्या भाषेत त्या भोकाला आस म्हणतात,
आणि जीव लागून राहतो, त्यालाही.
तळघरात हे तिला सांगायला कुणी नव्हतं.

बर्फाला ते म्हणतात यॅऽ.
शोधलं, तर आधी मेंढा आला, कारण मेंढा म्हणजे यॅऽर.
त्या हिवाळ्यात दीपगृहाचा मेंढा आजारी होता,
अकरा दिवस त्याच्या नोंदी, जहाजांपेक्षा सविस्तर.
मग उरलंसुरलं आलं, तेही यॅऽक.
व्हिर्वेने शब्दाच्या दोन्ही अंगांना हद्दीची खूण ठोकली.
मेंढा कुंपणाबाहेर.
राहिल्या दोनशे बारा ओळी.

ताव्हेट कॉफी आणायला वर गेला.
तिने त्या वाचल्या. वाचायच्या नव्हत्या, तरी.
थर चौदा सेंटिमीटर. खाडी बंद. थर वीस.
टपाल घोड्याच्या घसरगाडीने आलं.
थर एकवीस, कडेला भेगा.
असं करत करत एकशे सत्त्याऐंशीवी:

एकोणीस मे. वारा नैर्ऋत्येचा, मंद. पाणी अधिक नऊ.
टपालबोट साडेसहाला सुटली. लेइडा तिच्यात.

आणि ओळ संपताना एकटाच शब्द,
यॅऽ.

मे महिन्यात बर्फ नसतो.
पण कुणाला जाऊ नकोस, राहा, म्हणायचं असेल
तर त्या भाषेत तेही यॅऽच.
मागे मोकळी जागा, पुढे टिंब. आकारात काही खोट नाही.
आणि हे टिंब कुठल्याही अक्षराच्या जागी उभं नव्हतं;
आधी तिरपी रेघ देऊन बजावावं लागतं यंत्राला,
की हे टिंब म्हणजे टिंबच,
इथे लिहिणारा थांबला.

साडेसहाला बोट सुटली. नोंद रात्रीच्या शाईत आहे.

जिना वाजला. दोन कप, एकावर बशी झाकलेली.
"किती झाल्या?"
"दोनशे अकरा."
"मघाशी बारा दिसत होत्या ना?"
व्हिर्वेने कप घेतला, बशी काढली,
वाफ चष्म्यावर येऊ दिली.
"एक मेंढा होता," ती म्हणाली.